मूळ आदेशात चूक आढळत नाही

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाबूंनी मला शिकवलेली गोष्ट म्हणजे पक्षकाराला उभं कसं ठेवायचं. नागपुरातल्या एका कोर्टात मी टंकलेखक म्हणून लागलो होतो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. माझं टेबल दाराजवळ, मोठ्या बाबूंचं खिडकीजवळ, आणि मधल्या जागेत बाकडं नव्हतं. होतं एक, ते त्यांनी मुद्दाम व्हरांड्यात टाकायला लावलं. "बसले का बोलतेत. उभे राह्यले का लवकर जातेत," असं ते म्हणायचे. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

सगळ्यात जास्त करमणूक व्हायची ती दुरुस्तीच्या अर्जांची. कोर्टाच्या हुकमात नाव, वय, गाव, शेताचा नंबर चुकला की लोक यायचे. कायद्यात कलमच आहे, कारकुनाच्या हातून झालेली चूक कोर्ट कधीही दुरुस्त करू शकतं. त्या 'कधीही'वर आम्ही वर्षानुवर्षं निवांत होतो. एका म्हाताऱ्याच्या वारसाच्या हुकमात त्याच्या धडधाकट पोराला 'मयत' टंकलं गेलं होतं. म्हातारा पोराला हाताला धरून घेऊन आला. मोठ्या बाबूंनी पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हा जिवंत आहे याचा कागद लावा." आम्ही सगळे पोट धरून हसलो. पोरगाही हसला बिचारा, काय करणार. तो मयत पुढे आठ महिने मयतच होता.

मी हे गंमत म्हणून सांगत नाही. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी कुठल्या मुशीतून निघालो होतो ते कळावं, एवढ्यासाठी सांगतो. यात मला स्वतःची सुटका करून घ्यायची नाही. मुशीला दोष देऊन सुटणारे लोक मी खूप पाहिले, त्यांची मला चीड येते.

बाई नरखेडकडची होती. पस्तिशीची असेल. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, पोरबाळ नाही, आणि संत्र्याचा बगीचा होता, तीनशेच्या आसपास झाडं. नवऱ्याने स्वतः खड्डे खणून लावलेली. वाटणीत विहीर दिराच्या हिश्शात गेली होती, पण पाणी दोघांचं, पाळीपाळीने घ्यायचं, असं कागदावर लिहिलेलं होतं. नवरा गेला आणि दिराने मोटारीच्या खोलीला कुलूप ठोकलं. बाईने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला, पण निकाल लागेपर्यंत पाणी मिळावं हा तिचा अर्ज तिथे फेटाळला गेला. मग त्यावर नागपूरला आमच्याकडे अपील केलं. तिला दुसरं काहीही नको होतं. झाडांना पाणी हवं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी तिच्या अपिलाचा निकाल सांगितला. बाई जिंकली. तिला पाणी घेऊ द्यायचं, दिराने अडथळा करायचा नाही, मुख्य दाव्याचा निकाल लागेपर्यंत. साहेबांनी हुकूम मला तोंडी सांगितला, मी लघुलिपीत घेतला आणि टंकायला बसलो. वर एक कागद, खाली कार्बन लावून दोन. आमच्याकडे अपिलं बहुतेक फेटाळलीच जायची, त्यामुळे शेवटच्या परिच्छेदात कोणाचं नाव कुठे येतं हे बोटांना पाठ झालं होतं. बोटं आपल्या सवयीने चालली आणि नेमकं उलटं झालं. दिराला पाणी घेऊ द्यायचं, बाईने अडथळा करायचा नाही.

साहेबांनी सहीच्या आधी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अरे, उलटं केलंस सगळं." मी जीभ चावली. ब्लेडने खरवडलं, रबराने पुसलं, त्याच जागी बरोबर शब्द टंकले. साहेबांनी बाजूला छोटी सही केली, खाली मोठी सही केली आणि ते स्टेशनवर गेले. त्यांची पुण्याची गाडी होती.

राहिल्या त्या कार्बनच्या दोन प्रती. मी त्या आधीच सुट्या करून ठेवल्या होत्या. वरच्या कागदावर केलेली दुरुस्ती प्रत्येक कार्बनप्रतीवर वेगळी करायची, हा नियम. म्हणजे एकेक प्रत पुन्हा यंत्रात चढवायची, ओळ जुळवायची, खरवडायचं, टंकायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. आणि माझ्या खिशात सीताबर्डीवरच्या टॉकीजची तीनच्या खेळाची दोन तिकिटं होती. लग्नाला चार महिने झाले होते, बायको परस्पर टॉकीजवर येणार होती, बाहेर मेचं ऊन आणि आत थंडगार. सुट्टीनंतर करू, असं म्हणून मी दोन्ही प्रती फाइलला टाचून टाकल्या.

मी गेल्यावर बाईच्या वकिलांनी तातडीची नक्कल मागितली. सुट्टी लागायच्या दिवशी नकलांच्या विभागात कोणी नव्याने टंकत बसत नसे. फाइलला जादा कार्बनप्रत टाचलेली असली की तीच काढायची, तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा आणि द्यायची. मूळ हुकमाशी ताडून पाहायला तिथे एक म्हातारे कारकून होते. त्यांनी न पाहताच 'ताडून पाहिले' म्हणून सही ठोकली. तेही वर्षानुवर्षं असंच चाललेलं होतं, त्यामुळे कोणाला त्यात काही वाटलं नाही. वकील नक्कल बाईच्या हातात देऊन सहकुटुंब पचमढीला निघून गेले.

मी त्या वेळी अंधारात बसून शेंगदाणे खात होतो. सिनेमा कोणता होता ते आठवत नाही.

सहाव्या दिवशी बाई आली. सुट्टीत आमचे निम्मे लोक कामावर असत, त्यांत मी होतो. मोठे बाबू गावी गेलेले. बाईने घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. पोलीस ठाण्यात तिने तो मोठ्या तोऱ्याने नेला होता. ठाणेदाराने वाचला आणि तिच्याकडे पाहून म्हणाला, पाणी तर दिराला दिलंय, तूच मधे यायचं नाही असं लिहिलंय. दीर तिथेच उभा होता. त्याने गावात साखर वाटली.

"बाबूजी, साहेब तर मले म्हणले का पाणी तुले देल्लं. मी सोताच्या कानानं आयकलं. मंग कागद काहून त्याचा झाला?"

मी कागद उघडला. माझंच टंकन. माझ्याच यंत्राचा तो वरचा अर्धा उडालेला 'ई'. मला त्याच क्षणी सगळं समजलं. आणि काय करायला हवं तेही समजलं. नवी नक्कल मागा, हे तीन शब्द सांगायला हवे होते. मूळ हुकमावरून नवी नक्कल टंकली असती, संध्याकाळच्या एसटीने बाई बरोबर कागद घेऊन गावी पोचली असती.

पण नवी नक्कल निघाली असती तर दोन नकला समोरासमोर आल्या असत्या, आणि विचारणा झाली असती की ही कार्बनप्रत कोणी टंकली, दुरुस्ती का नाही केली. मी अजून कायम झालो नव्हतो. कायम होण्याचा कागद वर गेलेला होता. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. तिच्या झाडांचा विचार आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आला. मी तो बाजूला केला.

मी म्हणालो, "बाई, हुकमात कारकुनी चूक झालेली दिसते. कोर्टाला दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल."

"अर्ज केल्यावर होते जी?"

"होतं की. कायद्यातच आहे."

ती मला हात जोडून बाहेर गेली. कडुलिंबाखाली अर्जनवीस बसायचा, त्याच्याकडून तिने अर्ज लिहून घेतला. ती गेल्यावर मी फाइल काढली, उरलेली दुसरी कार्बनप्रत यंत्रात चढवली आणि सावकाश, ओळ नीट जुळवून, दुरुस्त केली. वीस मिनिटं लागली. आता त्या फाइलमध्ये चूक कुठेही नव्हती. जगात ती एकाच कागदावर होती आणि तो कागद बाईच्या पिशवीत होता.

अर्ज सुट्टीतल्या साहेबांपुढे जायचा होता. हे दुसरेच साहेब, त्यांना प्रकरणाची काही माहिती नव्हती. ते आठवड्यातून दोनदाच बसायचे. त्यामुळे बाई तीन-चार खेपा आली. पहाटे निघायची, ऊन चढता चढता पोचायची, व्हरांड्यात बसायची. एकदा तिने पदराच्या गाठीतून संत्र्याची पानं काढून माझ्या टेबलावर ठेवली. कडा आत वळलेल्या, हात लावला की मोडत होती.

तिच्याकडूनच मला कळलं की मृगाचा बार घ्यायचा असला की उन्हाळ्यात झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड सुकत आणतात, पानं गळायला लावतात, आणि मग बरोबर वेळेला पाणी देतात, की झाड फुलावर येतं. ताण किती दिवस द्यायचा ते जमिनीवर. तिची जमीन हलकी, मुरमाची. दिराने कुलूप ठोकल्यापासून ती शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी विकत घेत होती; ते उन्हाळ्यात आटतं, तरी अपील जिंकणार या भरवशावर तिने ताण दिला होता. साहेब पाणी देणार म्हणजे देणार, वकिलांनी तसं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आणि साहेबांनी दिलंही होतं, म्हणजे तिचा हिशेब चुकला नव्हताच.

"ताण तोडाचा दिवस होऊन गेला जी. आता रोज एकेक झाड सल धरून राह्यलं." शेंड्याकडून फांद्या वाळत जायला लागल्या की त्याला ते लोक सल म्हणतात, आणि पाण्याच्या कळशीला गुंड. "डोक्यावर गुंडानं पानी आणून किती झाडाले घालू? गावातल्या नळाच्या पाण्यानं तीस झाडं ओली करतो मी. बाकीचे माह्याकडं पाह्यत राह्यतेत."

मी पानं कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि म्हणालो, "येत्या गुरुवारी बोर्डावर आहे तुमचा अर्ज."

अर्ज साहेबांपुढे ठेवण्याआधी कार्यालयाने त्यावर टिपण लिहायचं असतं. मोठे बाबू नव्हते, म्हणून ते मी लिहिलं. 'मूळ आदेश पाहिला. मूळ आदेशात चूक आढळत नाही.' माझ्या सगळ्या नोकरीत मी याहून खरं वाक्य लिहिलेलं नाही. एका अक्षरालाही कोणी बोट लावू शकलं नसतं.

गुरुवारी साहेबांनी टिपण वाचलं, मूळ हुकमाचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि बाईकडे पाहिलं. "काय चुकलंय यात?"

"पाणी मले देल्लं साहेब, अन् कागदावर त्याले देल्लं."

"इथं तर तुमच्याच बाजूनं आहे. तुम्ही जिंकल्या आहात बाई. मग तक्रार कशाची?"

बाईने घाईघाईने पिशवीतून नक्कल काढून पुढे केली. मी साहेबांच्या खालीच बसलो होतो. मी हात लांबवला आणि ती नक्कल तिच्या हातातून घेतली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नक्कल आहे सर, मूळ आपल्यापुढे आहेच." त्यांनी मान हलवली, अर्जावर दोन ओळी लिहिल्या, चूक नाही म्हणून अर्ज निकाली काढला आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्यासमोर जे होतं ते त्यांनी वाचलं. त्यांच्यासमोर काय असावं हे मी ठरवत होतो.

बाहेर आल्यावर बाई खुश होती. हे मला आजही सहन होत नाही. तिला वाटलं, काम झालं. साहेबांनी भर कोर्टात सांगितलं की तुम्ही जिंकल्या. मी तिची नक्कल तिला परत दिली. तिने ती कपाळाला लावली, माझ्या बायकापोरांना सुखात राहा म्हणाली, आणि एसटी स्टँडकडे जवळजवळ पळतच गेली. गावात ठाणेदाराने विचारलं, कागद दाखव. तिने तोच कागद दाखवला.

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत ती आली नाही. मी सुटलो असं मला वाटलं. घरी कूलर आणला होता, त्याच्यापुढे बसून आम्ही दोघं टरबूज खायचो.

कोर्ट उघडलं, वकील परतले. त्या वर्षी मृग कोरडा गेला होता. वकिलांनी बाईची नक्कल पाहिली, कपाळावर हात मारला आणि एका दिवसात नवी नक्कल काढली. जे काम मी पाच आठवडे होऊ दिलं नाही ते चहा पिता पिता झालं. नवा कागद घेऊन बाई गेली. पोलिसांनी कुलूप काढून दिलं, मोटार सुरू झाली, पाटाला पाणी आलं. पाणी मुळाशी गेलं, पण झाडांना त्याचं आता काही करता येत नव्हतं. बांधावरची वीस-पंचवीस हिरवी राहिली, ती तिने डोक्यावर गुंडाने पाणी आणून जगवलेली.

चौकशी झाली, ती अर्ध्या तासाची. नकलेवर 'ताडून पाहिले' अशी सही होती त्या म्हाताऱ्या कारकुनांना बोलावलं. त्यांना ठपका बसला. निवृत्तीला सात महिने उरले होते त्यांचे. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, कारण त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना खरंच वाटलं की आपण नीट पाहिलं असतं तर हे झालं नसतं. मोठे बाबू मला एवढंच म्हणाले, "काहून गा, कार्बनप्रती दुरुस्त केल्या होत्या ना तू?" मी फाइलमधली प्रत उघडून दाखवली. त्यांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि प्रत परत फाइलला टाचली. त्यांना कळलं होतं. दिवाळीआधी मी कायम झालो.

बाई शेवटची आली ती थंडीत. तिने वाळलेली झाडं तोडून जळणाला देऊन टाकली होती आणि जमीन दिराच्याच नावावर करून माहेरी जायचं ठरवलं होतं. विहिरीचा दावा मधे आमच्याच कोर्टात वर्ग झाला होता; तो आता कशाला चालवायचा, म्हणून तो मागे घेत असल्याचं लिहून द्यायला ती आली होती. तिच्या वकिलांनी मजकूर सांगितला, मी टंकला. ते दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला म्हणून गेले. बाई माझ्या टेबलापुढे उभी होती. मी तिला बसा म्हणालो. बसायला काही नव्हतं.

"बाबूजी, एक इचारू?"

"विचारा."

"तुमी शिकलेले, तुमाले समजन. दीर गावात सांगून राह्यला का झाडं कोर्टाच्या पायी नाई मेली, माह्या पायी मेली. म्हणते, हलक्या जमिनीत एवढा ताण कोनी देते का? माहा नवराबी सांगून गेल्ता, इतक्या दिसाच्या वर जाऊ नोको म्हणून. मले वाटलं, आता कागद भेटलाच हाय, आनखी चार दिवस थांबू, बार चांगला येईन." तिचा आवाज अजिबात कापत नव्हता. "रोज रातीले मी दिवस मोजतो. मले खरं सांगा जी. मीच मारली का झाडं?"

कार्यालयात आम्ही दोघंच होतो. मोठे बाबू जेवायला गेलेले. मला आता कोणाची भीती उरली नव्हती. मी कायम झालो होतो, चौकशी बंद झाली होती, फाइल दप्तरात गेली होती. 'नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कारण सांगायचीही गरज नव्हती.

पण 'नाही' म्हटलं की तिने विचारलं असतं, मग कोणी?

मी म्हणालो, "ताण थोडा जास्तच झाला असेल बाई."

तिने मान हलवली. बऱ्याच दिवसांचं एक कोडं सुटावं तशी तिने ती हलवली, आणि म्हणाली, "व्हय. माहंच चुकलं." मग तिने अंगठ्यासाठी डावा हात पुढे केला. मी शाईचा डबा उघडला, तिचा अंगठा धरून नीट टेकवला, आणि ठसा स्वच्छ उठला की नाही ते पाहिलं.